वडील हिंदू, आई कॅथलिक आणि मुलाला फादर व्हावंसं वाटतंय

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे. इंजिनिअरिंग करून नोकरीला लागलोय. आई वसईची कॅथलिक, बाबा रत्नागिरीकडचे हिंदू. त्यांचं लग्न रजिस्टर झालं, चर्चमध्ये नाही. माझा बाप्तिस्मा आजोळी झाला, पहिलं कम्युनियनही (चर्चमधला पवित्र भाकरीचा प्रसाद घेणं) झालं, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, विश्वास पक्का करणारा संस्कार) मात्र राहून गेलं. दरवर्षी गणपतीला आम्ही गावी जातो. गेली दोन-तीन वर्षं धर्मगुरू व्हावं हा विचार मनातून जात नाही. आईला सांगितलं तेव्हा ती रडली. बाबांना अजून काहीच माहीत नाही. मी एकुलता एक आहे. अशा घरातल्या मुलाला सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत, घेतात का? आणि हे खरंच पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे हे ओळखायचं कसं?

उत्तर :

घेतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुझ्या पत्रातली निम्मी धाकधूक याच गोष्टीची आहे. तरुणांना पाचारणाच्या वाटेवर सोबत करण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि 'मिक्स मॅरेजच्या पोराला फादर करत नाहीत' हे वाक्य मला अजूनही ऐकू येतं. ते अगदीच हवेतून आलेलं नाही. चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेत, आईवडील कॅथलिक नसतील आणि ते तसेच राहणार असतील, तर मुलाच्या गुरुदीक्षेला तो अडथळा मानला जाई आणि खास सूट मागावी लागे. चर्चच्या दृष्टीने वैध नसलेल्या विवाहातून जन्मलेल्या मुलालाही अशीच सूट लागायची. १९८३ च्या संहितेने या दोन्ही अटी काढून टाकल्या. आज चर्च बघतं ते तुला : बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालंय का, हेतू निर्मळ आहे का, शरीर-मन निरोगी आहे का, अभ्यास झेपेल का, आणि हे सगळं तू स्वतःच्या इच्छेने करतोयस का. वडिलांचा धर्म हा यातला मुद्दाच नाही.

अशी घरं चर्चला नवीनही नाहीत. संत पौलाचा लाडका सोबती तीमथ्य हा विश्वास ठेवणाऱ्या यहुदी आईचा आणि ग्रीक बापाचा मुलगा, हे 'प्रेषितांची कृत्ये'च्या सोळाव्या अध्यायात लिहिलेलंच आहे. संत ऑगस्टीनची आई मोनिका ख्रिस्ती आणि वडील पॅट्रिशियस बहुतेक सगळं आयुष्य मूर्तिपूजक. ऑगस्टीन ३९१ मध्ये हिप्पोला धर्मगुरू झाला.

दृढीकरण मात्र आधी उरकून घे. त्याच्याशिवाय दीक्षा नाही आणि सेमिनरीत जातानाच दोन्ही संस्कारांचे दाखले मागतात. इथे एक व्यवहारातली गोष्ट लक्षात ठेव. तुझा बाप्तिस्मा आजोळी झालाय, म्हणजे नोंद तिथल्या पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) रजिस्टरमध्ये असणार. त्या नोंदीच्या समासात शेऱ्यासाठी जागा असते. तुझं दृढीकरण, पुढे लग्न झालं तर लग्न, दीक्षा झाली तर दीक्षा, सगळं त्याच ओळीसमोर लिहिलं जातं, मग तू जगात कुठेही असलास तरी. म्हणून घरातल्या फाइलमधला बाप्तिस्म्याचा जुना पिवळा दाखला चालत नाही, शेऱ्यांसकट नवा काढावा लागतो. मिश्र घरांमध्ये हमखास निघणारा घोळ नावाचा असतो. रजिस्टरमध्ये मामाने सुचवलेलं संताचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावर आजीने ठेवलेलं दुसरंच. शाळेच्या दाखल्यात धर्म 'हिंदू' लिहिला असेल तरी घाबरू नकोस, चर्चसाठी बाप्तिस्म्याची नोंद हाच पुरावा. दोन नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करून दिलं की काम होतं.

आता आईच्या रडण्याबद्दल. त्याचा अर्थ मी लांबून लावणार नाही, पण एक शक्यता तुला माहीत असावी. रजिस्टर लग्नाला चर्चची सूट घेतलेली नसेल तर चर्चच्या दृष्टीने तो विवाह वैध ठरत नाही आणि अशा कितीतरी बायका वर्षानुवर्षं मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) मागच्या बाकावर बसतात, कम्युनियनला पुढे येत नाहीत. मुलगा वेदीवर उभा राहायचं म्हणतो तेव्हा त्या बाईच्या मनात काय काय उचंबळून येत असेल! तिला सांग की यावर उपाय आहे. तिने पॅरिशच्या फादरांना भेटावं. दोघांनी त्या वेळी दिलेली संमती अजून टिकून असेल, तर बिशप त्याच संमतीच्या आधारे विवाह मुळापासून वैध ठरवू शकतात. पुन्हा लग्नविधी नाही, बाबांना धर्म बदलायचा नाही. मात्र हे तिच्यासाठी करायचं. तुझ्या प्रवेशाशी त्याचा संबंध नाही आणि तसा तो बाबांसमोर कधी जोडूही नकोस.

पाचारण ओळखायचं कसं, यावर बरंच बोलता येईल. पण तुझ्यासारख्या घरातून आलेल्या मुलाला मी सगळ्यात आधी एक गोष्ट तपासायला लावतो. दोन धर्मांच्या घरात वाढलेल्या मुलाला लहानपणापासून आडून आडून विचारलं जातं : तू नक्की कुणाचा? मामाकडे ऑक्टोबरात माळेची प्रार्थना, वडिलांच्या गावी आरती. दोन्हीकडे लाड आणि दोन्हीकडे थोडं परकेपण. या प्रश्नाचा शीण येतो. मग एके दिवशी वाटतं की फादर झालो की प्रश्नच मिटेल, पांढरा झगा घातला की कुणी विचारणार नाही. ही ओढ खरी असते, पण ती पाचारणाची नसते, सुटकेची असते. आणि धर्मगुरूचं आयुष्य अशा सुटकेवर उभं राहत नाही. दीक्षेनंतर काही वर्षांनी तो प्रश्न परत येतो, आणि तेव्हा सोबत एकटेपणही असतं.

म्हणून स्वतःला हे विचार : समजा उद्यापासून घरात धर्मावरून कसलाच ताण उरला नाही. बाबा आनंदाने आईबरोबर मिस्साला बसू लागले, मामा गणपतीला गावी येऊ लागले, तुला कुणी काही विचारेनासं झालं. तरीही तुला धर्मगुरू व्हायचंय का? उत्तर लगेच देऊ नकोस. काही महिने ते मनात वागव.

दुसरी तपासणी कामाची. वेदीवरचा फादर सगळ्यांना दिसतो, तू त्याचा मंगळवार बघ. सकाळच्या मिस्साला मोजकीच माणसं. मग हॉस्पिटलात कुणा आजाऱ्याला प्रार्थनेसह पवित्र तेल लावायला जायचं. दुपारी शाळेच्या गळक्या छपराचं बिल, संध्याकाळी दोन भावांतला जमिनीचा तंटा, रात्री मयताच्या घरी प्रार्थना. तुझ्या पॅरिशच्या फादरांना विचारून असे काही दिवस त्यांच्यामागे फिर. हे बघून जीव दमला, तरी मन तिथेच राहिलं, तर ते लक्षण चांगलं. नुसतं भजन, दिवे आणि प्रवचन आवडत असेल तर तू उत्तम प्रापंचिक कार्यकर्ता होशील. चर्चला तेही हवेच आहेत.

तिसरी गोष्ट येशूसंघाचा (जेझुइट संघाचा) संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्याकडून घेतलेली. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडून तो घरी पडून होता. सरदारकीच्या पराक्रमांची स्वप्नं रंगवताना त्याला मजा यायची, पण नंतर मन कोरडं व्हायचं. संतांसारखं जगण्याचा विचार केला की तो विचार सरल्यावरही समाधान उरायचं. हा फरक ध्यानात आला आणि पुढे त्याने त्यावरच आत्मपरीक्षणाचे नियम बांधले. तू एक वही कर. धर्मगुरुपणाचा विचार प्रबळ झाला त्या रात्री लिही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय उरलं तेही लिही. त्याचा आणखी एक नियम तुझ्या फार कामाचा आहे : मन उदास, कोरडं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. बाबांशी कडाक्याचं बोलणं झाल्याच्या रात्री 'सोडून देतो सगळं' म्हणायचं नाही आणि 'उद्याच निघतो' असंही म्हणायचं नाही.

आणि हे सगळं जमून आलं तरी पाचारण पूर्ण होत नाही. मनातली हाक हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे चर्चने, बिशपांच्या तोंडून, बोलावणं. गुरुदीक्षेच्या विधीत उमेदवाराचं नाव पुकारतात, तो 'हजर आहे' म्हणतो. मग बिशप विचारतात की हा योग्य आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का. उत्तर येतं की लोकांमध्ये चौकशी केली, जबाबदार मंडळींचं मत घेतलं आणि तो योग्य ठरला. ती चौकशी नुसती विधीपुरती नसते. आणि तुझ्या बाबतीत, तू रागावतोस कसा, शब्द पाळतोस का, पैसे कसे वापरतोस, आजारी माणसाजवळ बसतोस का, हे सगळ्यात जवळून ज्याने पाहिलंय तो माणूस म्हणजे तुझे बाबा. ते बाप्तिस्मा झालेले नाहीत म्हणून त्यांची साक्ष कमी मोलाची होत नाही. बाबा ही तुझ्या वाटेतली अडचण आहे असं समजून चालू लागलास, तर तुझी पारख करणारा सर्वात चांगला माणूस तू गमावशील.

तेव्हा त्यांना सांग. स्वतः सांग. आईमार्फत नको, मामामार्फत तर मुळीच नको आणि फादरांना घरी नेऊनही नको. तसं झालं तर सासरवाडीने आणि चर्चने मिळून मुलगा पळवला असंच त्यांना वाटेल, आणि तसं वाटण्यात त्यांची चूक नसेल. गणपतीत गावच्या घरी, चुलत्यांच्या गोतावळ्यात हा विषय काढू नकोस. दोघंच असाल अशी वेळ बघ. सुरुवात 'देवाने मला बोलावलंय' अशी करू नकोस. त्या वाक्यापुढे बापाला बोलायला जागाच उरत नाही. तुला काय आवडतं, कशाची भीती वाटते, काय अजून कळत नाही, ते सांग. आणि मग ऐक.

मी अशा पुष्कळ वडिलांशी बोललोय. देव एक की अनेक, यावर कुणी वाद घालत नाही. ते विचारतात : पगार किती? आजारी पडला तर कोण बघणार? तुम्ही मधेच काढून टाकलंत तर? आम्ही म्हातारे झाल्यावर काय? या प्रश्नांची नीट उत्तरं द्यायलाच हवीत, म्हणून तुला तयारीने जाता यावं इतकं सांगतो.

धर्मप्रांतीय फादर (एका बिशपांच्या हद्दीतला, म्हणजे धर्मप्रांतातला) आणि व्रतस्थ फादर (एखाद्या संघात व्रतं घेतलेला) यांतला फरक तुझ्यासाठी सर्वात महत्त्वाचा. येशूसंघासारख्या संघांत दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं असतात आणि वरिष्ठ सांगतील तिथे, अगदी परदेशातही, जावं लागतं. धर्मप्रांतीय फादर ब्रह्मचर्य स्वीकारतो आणि आपल्या बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतो. त्याला दारिद्र्याचं व्रत नसतं. मानधन थोडं असतं, राहणी साधी ठेवायची असते, पण स्वतःच्या नावावर घर-पैसा असू शकतो आणि एरवी तो आपल्याच धर्मप्रांतात काम करतो. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. या धर्मप्रांताचा फादर आईवडील आजारी पडले तर त्याच दिवशी त्यांच्यापाशी पोचू शकतो. एकुलत्या मुलाने हा फरक डोळ्यांआड करू नये. संघाची ओढ असेल तर जरूर जा, पण पुढचं सगळं ठाऊक असताना जा.

आईवडिलांना उघड्यावर टाकून जाणं हे पुण्य नाही, हे चर्चही सांगतं. संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात स्पष्ट लिहून गेलेत की आईवडिलांचं मुलाशिवाय भागतच नसेल तर त्यांना सोडून मठात जाणं योग्य नाही. आणि मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूने कुणाला फटकारलंय बघ : 'हे देवाला अर्पण केलंय' असं म्हणून आईबापांना द्यायचं टाळणाऱ्यांना. बाबांचं पेन्शन आहे का, कर्ज आहे का, त्यांच्या आजारपणाची सोय काय, हे सगळं कागदावर मांड. कर्ज असेल तर आधी फेड. सेमिनरीवालेही हे विचारतील आणि विचारायलाच हवं.

'मधेच काढलं तर' या भीतीवरचं उत्तर बाबांना धीर देईल. सेमिनरीत जाणं म्हणजे फादर होणं नव्हे. आधी किमान एक वर्ष पूर्वतयारीचं असतं. मग तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान (थिऑलॉजी) मिळून कमीत कमी सहा वर्षांचा अभ्यास आणि मधे पॅरिशमधल्या प्रत्यक्ष कामाचा काळ. गोरेगावचं सेंट पायस असो वा पुण्याची पेपल सेमिनरी, हिशेब साधारण आठ ते दहा वर्षांचा धर. या सगळ्या काळात तू केव्हाही घरी परत येऊ शकतोस. ब्रह्मचर्याचं बंधन उपगुरुपदाच्या (फादर होण्याआधीच्या पायरीच्या) दीक्षेपासून लागतं, आणि गुरुदीक्षा पंचवीस पूर्ण झाल्याशिवाय देतच नाहीत. परत येणं म्हणजे नापास होणं नाही. परत आलेली कितीतरी मुलं आज चांगले नवरे, चांगले बाप आहेत. तुझी डिग्री तर कुठे जात नाही.

सेमिनरीत तुझं मन ज्याच्यापाशी मोकळं करायचं त्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचं मत, तुला ठेवायचं की पाठवायचं या निर्णयात विचारता येत नाही, असा कायदाच आहे. तेव्हा घरातल्या ताणाबद्दल, बाबांबद्दल, गणपतीबद्दल त्यांच्याशी काही न लपवता बोलू शकतोस.

मग दोन प्रश्न उरतात, आणि हेच सगळ्यात जड. एक वंशाचा. यावर गोड बोलून सांत्वन करू नकोस. 'पॅरिशची सगळी मुलं माझीच' हे तू एक दिवस अनुभवशील, पण बाबांना आज ते सांगणं निर्दयपणाचं आहे. वंश थांबणार, हे खरं. ते दुःख त्यांचं आहे आणि ते त्यांनी करावं. तू समोर बसून राहा.

दुसरा अग्नीचा. 'मला अग्नी कोण देणार?' हा प्रश्न ते विचारतील किंवा विचारणार नाहीत, पण त्यांच्या मनात तो असणार. दहनाला चर्चचा विरोध नाही. १९६३ पासून खुद्द कॅथलिकांनाही त्याची मुभा आहे. बापाला खांदा देणं, स्मशानात उभं राहणं, त्याच्यासाठी मनातल्या मनात प्रार्थना करणं यात काही आडवं येत नाही. मंत्रांसहित पिंडदानासारखे विधी कर्ता म्हणून करणं तुला जमणार नाही आणि ते आत्ताच, बाबा धडधाकट असताना, प्रेमाने सांगितलेलं बरं. चितेला अग्नी देण्याबद्दल माझं मत असं की मुलाची ती बापासाठीची शेवटची सेवा आहे आणि ती कशी करायची हे बिशपांशी आधीच बोलून ठरवता येतं. उरलेलं चुलतभाऊ करील. असं घरात आधी ठरलेलं असलं की ऐन वेळी रडारडीत भांडण होत नाही.

गणपतीचं काय, असं तू थेट विचारलं नाहीस, पण उल्लेख केलास म्हणून सांगतो. सेमिनरीत विचारतील, खरं सांग. आणि 'आता मी फादर होणार' म्हणून यंदापासून एकाएकी गावी जायचं टाळू नकोस. मखर बांधायला हात लाव, मोदक खा, आजीच्या पाया पड. कुटुंबाच्या सणात सोबत असणं वेगळं आणि पूजेला स्वतः बसणं वेगळं. ही रेघ तुला पाळावी लागेल, पण ती कुणाचा अपमान न करता पाळता येते. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये लेखी सांगितलं. ज्याच्या घरी दोन्ही आहेत असा धर्मगुरू ते वाक्य घरातच शिकून आलेला असतो. आपल्याकडच्या चर्चला अशा धर्मगुरूंची फार गरज आहे, असं मला मनापासून वाटतं.

सगळं गोड होईल असं मात्र नाही. पॅरिसचे कार्डिनल ल्युस्तिजे यहुदी घरात जन्मले, १९४० मध्ये तेराव्या वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आई ऑश्विट्झला मारली गेली. युद्धानंतर वडिलांनी मुलाचा बाप्तिस्मा रद्द व्हावा म्हणून प्रयत्न केला. तरीही मुलगा १९५४ मध्ये धर्मगुरू झाला, पुढे आर्चबिशप झाला, आणि आपण यहुदी आहोत हे त्याने कधी लपवलं नाही. २००७ मध्ये त्यांच्या अंत्यविधीला नोत्र दामच्या दारासमोर यहुदी प्रार्थना म्हटली गेली. म्हणून बाबांची पूर्ण संमती हीच अट धरून बसू नकोस. ती कदाचित दीक्षेच्या दिवसापर्यंत मिळणार नाही. चर्चच्या कायद्याप्रमाणे तुझ्यावर कुणी जबरदस्ती करू शकत नाही, फादर होण्यासाठीही नाही आणि न होण्यासाठीही नाही.

पण वेळ दे. माझा सल्ला असा : नोकरी सोडू नकोस. या वर्षी दृढीकरणाची तयारी कर, धर्मप्रांताच्या पाचारण-संचालकांना भेट आणि त्यांच्या मासिक मेळाव्यांना जात राहा. बाबांशी एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा बोल. वर्षभराने ओढ कमी झाली असेल तर लाज वाटून घेऊ नकोस. वाढली असेल तर अर्ज कर. पण दोन वर्षांच्या पलीकडे घरच्या होकारासाठी थांबू नकोस. त्यानंतरचं थांबणं आदराचं नसतं, निर्णय टाळणं असतं आणि ते बाबांनाही कळतं.

आणि अर्ज करण्याआधी बाबांना एकदा सेमिनरी दाखवायला ने. खोल्या, मेस, खेळाचं मैदान बघू देत. रेक्टरांची (सेमिनरीच्या प्रमुखांची) वेळ घेऊन ठेव आणि त्या दोघांना बोलू दे. तू बाहेर थांब. पगाराचं, आजारपणाचं, तुला काढून टाकण्याचं, जे विचारायचं ते त्यांना तुझ्यासमोर विचारता येणार नाही.